कोलुरची खाज आणि हाल्मारचं घर

उठताय कुठं, बसा हो. हाल्मार आला की हाक मारेल, चावी त्याच्याकडेच आहे, आणि वेळेवर पोचणं त्याच्या रक्तात नाही — स्वतःच्या लग्नाला नवरी आधी येऊन बसली होती. वरून गारांचा मारा चाललाय, घर काही पळून जात नाही, आणि ह्या गरम पाण्याच्या हौदाइतकी ऊब गावात दुसरीकडे कुठं मिळायची नाही तुम्हाला. खांदे पाण्याखाली घ्या, कान गार पडले की मग डोकं दुखतं. हां, असं. तर काय विचारत होतात — घर कसंय? भिंतीला भिंत लागून मी राहतो, मी कशाला खोटं सांगू. घर वाईट आहे. उत्तरेचा वारा सुटला की छपराचा पत्रा रात्रभर वाजतो. तळघरात पाणी येतं — म्हणजे अजून आलेलं नाही, पण येईल. समुद्राकडची खिडकी उघडत नाही, उघडली तर मिटत नाही. आणि स्वयंपाकघराला माशाचा वास आहे, भिंतीत मुरलेला, तो रंगानं जायचा नाही. तुम्ही राजधानीतून आलात, तुमच्या सौ.ना चालेल का तो? विचारून बघा. मी आपलं माणुसकी म्हणून सांगतो, मला काय त्यात.

आणि मालक कसा आहे हे विचारलंत ते बरं केलंत — नाही विचारलंत? मग न विचारता सांगतो. त्या माणसानं माझ्या मांजराची कातडी सोलून ठेवली. हसू नका. सोलली म्हणजे सुरीनं नव्हे, मासा घालून घालून. कोलुर नाव मांजराचं, कोळशासारखं काळं, बंदरावर सापडलं तेव्हा मुठीत मावत होतं, आता मांडीवर बसलं की पाय बधिर होतो. काय चकचकीत केस होते त्याचे. गेल्या सप्टेंबरात, डोंगरावरून मेंढ्या खाली आणायचे दिवस, तेव्हा ह्यानं खाजवायला सुरुवात केली. आधी कान, मग हनुवटी, मग मानेवर मोहरीएवढ्या खपल्या, हात फिरवला की बोटांना टोचतात. मग पोट चाटायला लागला. चाटतोय, चाटतोय, बातम्या संपल्या तरी चाटतोय — महिनाभरात पोट असं गुलाबी आणि गुळगुळीत, पाद्रीणबाईंच्या नवऱ्याच्या टकलासारखं. हे मी तिच्यासमोरही म्हटलंय, ती इथंच बसली होती, तुमच्या शेजारच्या कोपऱ्यात. हसली नाही. टक्कल मनाला लागलं तिच्या.

मग डाग्नीकडे नेलं. डाग्नी म्हणजे जनावरांची डॉक्टर, पलीकडच्या फ्योर्डच्या खाडीतून येते एक आड एक बुधवारी, शाळेच्या जुन्या स्वयंपाकघरात टेबल टाकून बसते. पोरगी हुशार, पण तोंड वाजवायला लागली की मोटारबोट परवडली. तिनं कंगवा फिरवून पिसवा शोधल्या — नाहीत. कातडी खरवडून काचेखाली किडे शोधले — नाहीत. गजकर्ण आहे का बघायला दिवे घालवून निळा दिवा धरला, मी पण माझा पाय पुढे केला, म्हटलं लगे हात माझंही बघ, ती म्हणाली दोन पायांची जनावरं मी घेत नाही. मग विचारते, घरात कुणी नवीन आलंय का, कुणी गेलंय का, मांजरं मनाला लावून घेतात. मी म्हटलं, बाई, माझ्या घरातून जायला आधी कुणी असायला तर हवं. तेव्हा म्हणाली, बहुतेक खाण्याची अ‍ॅलर्जी. आणि बहुतेक करून माशाची. आता मला सांगा, हे काय बोलणं झालं? ह्या गावात माशाची अ‍ॅलर्जी? इथं पोरं दात येताना सुका मासा चघळतात, कुत्रे चघळतात, पाद्रीणबाई प्रवचनाच्या आधी चघळतात, आणि माझ्या मांजराला मासा चालत नाही. मला तर लाजच वाटली. कुणाला सांगू नकोस म्हटलं तिला.

उपाय काय, तर त्यानं जन्मात खाल्लं नसेल असं एकच कुठलं तरी मांस, दोन महिने, आणि त्याखेरीज जिभेवर कण म्हणून पडता कामा नये. एक कण पडला की पहिल्यापासून सुरुवात. तिनं आधी पाकिटातलं खास खाणं दिलं होतं, पण त्यानं ते हुंगून वर माती ओढल्यासारखं केलं — मी चाखून बघितलं, त्याचं बरोबर होतं. मग ह्याच हौदात चर्चा झाली, कोलुरनं काय खाल्लेलं नाही. मेंढी? खाल्ली. घोडा? खारवलेला घोडा चोरून खाल्ला, तोही माझ्या ताटातला. पफिन पक्षी? ते तो स्वतः आणतो. सील? एकदा. असं करत करत शेवटी हाल्मार म्हणाला, रेनडिअर. तिकडं पूर्वेकडे असतात ते, त्याच्या बहिणीचा नवरा शिकार करतो, त्यानं फोन करून अर्धं जनावर गोठवून पाठवायला लावलं. मी संध्याकाळी उकडलेला हॅडॉक मासा खायचो आणि मांजर रेनडिअर. हो, हाल्मारनंच आणवलं. हो, तोच हाल्मार. जरा थांबा ना, सांगतोय. सदराही त्यानंच विणला — चाटू नये म्हणून डाग्नीनं गळ्यात ते भोंग्यासारखं काहीतरी घातलं होतं, त्यात कोलुर भिंतींना धडकत हिंडायचा, हाल्मारला ते बघवेना. बायकोच्या उरलेल्या लोकरीतला मऊ तेवढा धागा निवडून त्यानं चार पायांचा सदरा विणला. बायको त्याची दोन वर्षांपूर्वी गेली, ओड्नी, लोकरीच्या टोपल्याला तोवर त्यानं हात लावला नव्हता. मांजर त्यात सॉसेजसारखं दिसायचं. पण चाटायचं थांबलं होतं, खरं ते खरं.

चाटायचं थांबलं, खाज कुठली थांबते. महिना झाला, दीड झाला, मानेवर नव्या खपल्या. म्हणजे कुणीतरी मासा घालत होतं, दुसरं काय असणार? मी दुकानात कागद लावला, कोलुरला खायला घालेल त्याचं नाव मी चर्चच्या दारावर लावीन. गाव हसलं. नाताळच्या तोंडावर गावभर सडवलेला स्केट मासा शिजतो त्या दिवशी मी कोलुरला घेऊन दिवसभर मोटारीत बसून राहिलो, हीटर लावून, काचा बंद करून. वास लागू नये म्हणून. तरी खाजवतोच. मग मी नजर ठेवली. आणि काय दिसलं, तर कोलुर रोज दुपारी हाल्मारच्या खिडकीत, रेडिएटरवर, पाय पसरून. घरी यायचा तेव्हा अंगाला माशाचा वास. आता हाल्मारच्या घरात खुर्चीलासुद्धा माशाचा वास आहे हे मला कळायला नको होतं का — पण डोकं फिरलं की फिरलं.

आणि वर ते थोर्रीचं जेवण. भर हिवाळ्यात सगळं गाव सभागृहात, सडका शार्क, बोकडाची मुंडी, दारू, आणि गावकऱ्यांची टवाळी करणारं नाटुकलं — तुमच्याकडे शहरात होतं का हो असलं? नशीबवान आहात. ह्या वर्षी मीच होतो. दुकानदारीण माझी टोपी घालून, मांडीवर भरलेलं उशीचं मांजर, समोरच्याला दुर्बीण लावून बघतेय. लोक पोट धरधरून हसले. हाल्मारही हसला. हसायलाच असतं ते, नियमच आहे, त्या दिवशी रागवायचं नाही. मी उठलो आणि भर सभेत म्हटलं, मासा हा घालतो, हा बसलाय हा. आणि असंच आणखी काहीतरी बोललो. ते जाऊ द्या. हाल्मार उठला, कोट घेतला आणि गेला. दुसऱ्या आठवड्यात घर विकायला काढलं. मुलीकडे जातो म्हणे, तुमच्या राजधानीत, चौथ्या मजल्यावर. ज्या माणसानं अख्खा जन्म समुद्रावर काढला तो चौथ्या मजल्यावर काय करणार, लिफ्ट वरखाली?

मला? मला काय वाटायचंय. आम्ही दोघं एका बोटीवर होतो, बोट विकली, मग सकाळी ह्या हौदात भेटायचो. आता तो संध्याकाळी येतो, पोरं उड्या मारत असतात तेव्हा, माझं तोंड नको म्हणून. करमत नाही हो, सरळच सांगतो. ह्यात बसून अनोळखी माणसांना मांजराची पोटं सांगत बसायचं, ही काय सकाळ झाली.

मग बरं वाटतंय ना मांजराला आता, म्हणता? नाही ना. तेच तर. त्या रात्रीपासून दार बंद, एक पाऊल बाहेर नाही, हाल्मारची खिडकी नाही की काही नाही, ताटात रेनडिअरशिवाय काही नाही. आणि कालच मानेवरची खपली रक्ताळली. मग आता कोण घालतंय? मी पण तोच विचार करतो. दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून सारत असेल. का, नाही सारू शकत? सुका मासा चपटा असतो. — बरं, तुम्ही पण डाग्नीसारखंच विचारायला लागलात. सांगतो, सकाळपासून सांगतो, लपवायचंय काय त्यात. उठतो. कॉफी ठेवतो. चमचाभर लीसी घेतो, चमचा कोलुर चाटतो, मग रेडिओवर हवामान, मग कोण कोण वारलं ते, मग रेनडिअर कापायला घेतो — काय झालं? असं काय बघताय? लीसी? अहो लीसी म्हणजे काय खाणं आहे का. तुम्ही घेत नाही? घेता ना. मग. शाळेत रांगेत उभं करून ओतायचे तोंडात, बोटीवर कप्तान स्वतः उभा राहून द्यायचा, हिवाळ्यात ऊन नाही तर हाडं कशानं टिकणार. तिला कुणी खाण्यात धरतं का. डाग्नीनं विचारलं होतं, आणखी काही देता का, मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काही म्हणजे काही नाही. आणि केसांना तर ती चांगली, म्हणून तर खाज सुटल्यापासून चमचा जरा भरूनच देतो. कशाची असते म्हणजे? लीसी लीसीची असते. कॉडच्या काळजा—

पाणी आज जरा जास्तच गरम सोडलंय.

नाही, थांबा, काही बोलू नका. मला बसू द्या जरा. कॉड माशाच्या काळजाचं तेल. रोज सकाळी. नाताळातही, मोटारीत काचा बंद करून बसलो त्याही दिवशी, निघायच्या आधी. माझ्या हातानं. आणि त्या सभेत मी काय बोललो माहितीय? म्हटलं, ओड्नी गेली, तुला कुत्रं विचारत नाही, म्हणून माझं मांजर चोरतोस. सगळ्या गावासमोर. दुकानदारीण माझी टोपी घालून तशीच उभी राहिली. आता हसलात तरी चालेल. हसा ना. नाही? बरं.

हे बघा, ते घर चांगलं आहे. छप्पर त्यानं आणि मी मिळून घातलंय, पत्रा वाजतो तो माझ्या बाजूचा. तळघर ठणठणीत कोरडं. पण तुम्ही ते घ्यायचं नाही. का म्हणजे, मी सांगतो म्हणून. खाली शाळेजवळ पिवळं घर निघालंय, तेही चांगलं आहे, तुमच्या सौ.ना तेच आवडेल.

आला तो. बघा, दारातून येतोय, चड्डीवरच आलाय, किल्ली गळ्यात दोरीला. मला बघितलंन. थांबलाय. परत फिरेल आता — नाही, थंडी वाजतेय त्याला, गारा लागतायत. तुम्ही उठा. उठा म्हणतो ना, त्याच्या जागेवर बसलाय तुम्ही. तिथं पाठीमागून पाण्याची धार येते, त्याची कंबर बोटीवर मोडली होती, त्याला तिथंच बसावं लागतं. लीसीचं तुम्ही चकार शब्द बोलायचा नाही, ते मी सांगणार, सगळं, सभेत बोललो त्याच्याबद्दल माफीही मागणार, पण तुमच्यादेखत नाही. तो तिकडे थंड पाण्याचा हौद आहे, तब्येतीला फार चांगला, जा. हं. सांभाळून, पायरी निसरडी आहे.

ये हाल्मार, ये. हे निघालेच होते.