कप्तानाचा लाल कोट

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे चित्रकार आणि त्यांची नात बसली होती. तिच्या मांडीवर आजोबांनी टीव्हीवरच्या अंतराळ-मालिकेवरून काढलेलं जुनं कॉमिक होतं.

"आजोबा, मालिकेत कप्तानाचा कोट निळा आहे. तुम्ही चक्क लाल केलात?"

"आपला टीव्ही काळा-पांढरा होता गं. मी नुसत्या रेघा ओढायचो, रंग तुझी आजी भरायची."

"मग तिनं लालच का भरला?"

"म्हणाली, एवढ्या काळोखात एकटा निघालाय, लांबून दिसायला नको?"

"रंगीत टीव्ही आल्यावर काय म्हणाली?"

"तोवर ती राहिली नव्हती."

"चला आजोबा, तुमचा नंबर आला."

"थांब. ते पान जरा उजेडात धर. लाल तेवढा अजून दिसतो मला."