थाळीतलं पाणी

हॅलो?… हॅलो, कोण, योगिता? बोल गं, वहिनीच बोलते, एस्तेर… हो, आत्ताच आलो नंदुरबारहून. खांडबाऱ्याला उतरेपर्यंत चार वाजले… आई? आडव्या झाल्यात. डायलिसिस झालं की तुझी आई डोळा उघडत नाही, तुला माहीतच आहे.

नाही, बरं नाही… अगं ऐक ना. वजन परत वाढलं. तीन दिवसांत साडेतीन किलो. डॉक्टर चिडले. म्हणाले, दिवसाला अर्धा लिटर सांगितलं होतं, ही बाई नदी पिऊन आली. पुढच्या खेपेला असंच आणलंत तर छातीत पाणी भरेल, मग माझ्या हातात काही नाही… हो, आईंच्या समोरच.

मी? मी कशाला देऊ गं?… तूही तेच विचार. गाडीत तुझ्या दादानं विचारलं, किल्ली कोणाकडे असते. म्हटलं, माझ्या गळ्यात. घरी येताच आधी कुलूप ओढून बघितलं. माठाच्या खोलीला कुलूप आहे, योगिता. न्हाणीतली बादली पालथी असते. मला तहान लागली तर अंगणात जाऊन पिते, आईंना घोट ऐकू जाऊ नये म्हणून.

जाऊ दे. तुला झाडाचं विचारायचं होतं. तू नाताळात नर्सरीतून आणलेलं ते बेगोनिया… हो, आईंच्या खाटेशीच, खिडकीत. ऊन नाही लागत. पण पानांनी मान टाकलीय. कडा जळल्यासारख्या, हात लावला की चुरा… नाही गं, पानांवर थेंब नाही पाडत. तू सांगितलंस तसंच, कुंडीखालच्या थाळीत ओतते. रोज संध्याकाळी, तांब्याभर…

रोज नको?… अगं, पण सकाळी थाळी कोरडी ठाक असते. आणि आईच विसरू देत नाहीत. दिवे लागले की खाटेवरून सुरू होतात,

लेकीनं धाडिलं झाड, रंगीत पानांचं बाई,
तहानलं मुळापाशी, त्याला बोलता येत नाही.

लेकीचं झाड म्हटल्यावर मी कशी नाही म्हणू?

बोट घालून बघू? थांब, खिडकीशी जाते… कोरडी. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी… थाळी? तीही. काल काठोकाठ भरली होती…

काय?… झाड एवढं पीत नाही… हो… प्यालं असतं तर माती ओली असती, मूळ कुजलं असतं… हो गं, कळलं. मग पाणी जातं कुठं?

थांब. कुंडीमागे काहीतरी आहे…

चमचा. औषधाचा चमचा, योगिता. पंधरा दिवस शोधत होते मी. मातीनं माखलाय…

नाही, आहे मी. ऐकतेय… कधी म्हणजे? आम्ही आत जेवायला बसतो तेव्हाच. दुसरं कधी… सकाळी त्यांच्या ओठाला काळं लागलेलं असायचं. मला वाटायचं, मिसरी. माझ्याच पदरानं पुसायचे गं. थाळीही मीच भरायचे, आणि तोंडही मीच पुसायचे.

रडू नकोस… काढून टाकू? मरू दे म्हणतेस झाड?… ते कळतं मला. आजपासून थाळी कोरडी ठेवायची, कळतं. पण दिवे लागले की त्या गाणार. मग काय म्हणू? आई, तुमची चोरी सापडली म्हणू? या वयात, पाण्याच्या चोरीसाठी?… तुझ्या दादाला सांगते. सांगावंच लागेल. पण आईंना नाही.

हळू, जाग आली त्यांना… हो आई, योगिताच आहे… काय म्हणालात?… नाही आई, अजून नाही घातलं झाडाला. घालते.

योगिता, ऐकलंस ना?… नाही, फोन देत नाही, तू अशी रडतेस.

ऐक. आजच्या अर्ध्या लिटरातले दोन घोट उरलेत बाटलीत. ते त्यांच्या हातात देते. म्हणते, आई, आज झाडाला तुम्हीच घाला… हो. चमचाही ठेवते, धुऊन… आणि मी बाहेर जाते.

हो, दार लोटून घेईन. ठेव आता.