राहिलेले सात दिवस

तिथूनच बोला बायांनो, खिडकीच्या बाहेरूनच! आत पाऊल टाकू नका, मी बाळंतीण आहे... हसताय काय? पोरगं नऊ महिन्यांचं झालंय, घरभर रांगतंय, काल तर पिठाच्या टोपात जाऊन बसलं, आणि मी बाळंतीण!

तुम्हाला सांगते, सगळं त्या अंगाईपायी. मार्चमध्ये आपल्या बायांच्या मंडळाची गाणी रेकॉर्ड करायला ताश्कंदहून माणूस यायचा होता आणि नेमका माझा तेहतिसावा दिवस. चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, हे आपल्या मार्गिलानमध्ये काय शिकवायला लागतं? पण मंडळ चालवणारी ती हुर्लिको आपा मागच्या दारानं आली. म्हणते, "नफोसत, अंगाई ओल्या बाळंतिणीनं म्हणायची नाही तर काय साठीच्या सनोबरनं? तो माणूस एकच दिवस आहे बघ. एक गाणं, की घरी!" सासूबाई कोकंदला लग्नाला गेलेल्या... आणि मी गेले! बाळाला शालीत गुंडाळलं, नजर लागू नये म्हणून आत नानचा तुकडा खोचला, डोळे मिटून गायले आणि पळत घरी. सातच दिवस राहिले होते हो! सात दिवस दम निघाला नाही मला!

तेव्हापासून जिवाला थारा म्हणून नाही. पोराला उचकी लागली, की मला वाटणार, त्या दिवसामुळे. दात उशिरा आला, त्या दिवसामुळे. कानामागे पुरळ उठलं, त्या दिवसामुळेच, दुसरं काय! आणि दर वेळी सासूबाई धुरी देत विचारणार, "कुणाची नजर लागली गं? चाळीस दिवसांत बाहेर तर नव्हतं ना काढलंस?" "नाही हो आई!" धडधडीत खोटं! धूर डोळ्यांत जायचा म्हणून बरं, नाहीतर रडू कशाचं म्हणून सांगणार होते?

मग गेल्या आठवड्यात ती सीडी आली. चायखान्याच्या अंगणात सोहळा, पुलावाची ही मोठी कढई, मंडळातल्या आम्ही सगळ्या रेशमी कपड्यांत, आणि पहिल्या रांगेत सासूबाई, मांडीवर बाळ! आपानं मला शपथेवर सांगितलेलं, नाव कुणाचंच छापलेलं नाही. पहिलं गाणं लग्नाचं झालं, टाळ्या. दुसरं झालं, टाळ्या. तिसरी माझी अंगाई.

कर्ण्यातून आवाज निघाला आणि पोरानं मान वर केली. मी इकडे मंचावर ओठ घट्ट मिटून बसलेली, माझ्याकडे ढुंकूनही बघेना! कर्ण्याकडे दोन्ही हात पसरले आणि दुधासाठी असा टाहो फोडला, की वाढपी कढईवरून वळून बघायला लागला. तुम्हीच सांगा, स्वतःच्या पोटच्या पोरानं चहाडी केल्यावर माणसानं बघायचं कुणाकडे?

सासूबाईंनी हळूच सीडीचं पाकीट उलटं केलं. नाव नव्हतंच, पण खाली तारीख होती! सोळा मार्च. बोटं मोजायला लागल्या. बारा फेब्रुवारीचा जन्म... एक, दोन, तीन... हुर्लिको आपा, एरवी जिच्या तोंडाला विसावा नाही, ती दातात रुमालाचं टोक धरून उभी! तेहतीसवर बोट थांबलं. गाणं संपलं.

"परत लाव," सासूबाई म्हणाल्या.

परत लावलं. शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "गळा गोड आहे गं तुझा." अहो, आठ महिन्यांनी माझा श्वास सुटला! सलाम करायला वाकले, तर वरून आवाज, "तेहतीस झाले. राहिलेले सात कधी बसतेस?"

म्हणून बसलेय! पडदे ओढून, उशाशी सुरी ठेवून, पाहुणा आत नाही, आणि पोर मात्र दिवसभर उंबऱ्याकडेच रांगणार, मी त्याचा पाय धरून मागे ओढणार. शेजारच्या खोलीत सासूबाई सीडी लावून आल्यागेल्याला अंगाई ऐकवतायत, "आमची सून बरं का!" पोर ती सीडी ऐकून झोपतं, मी तेच गायले तर रडतं.

आज पाचवा दिवस. सकाळीच हुर्लिको आपा या खिडकीशी. "नफोसत, तो माणूस उद्या परत येतोय. एकच गाणं..." दोनच दिवस राहिलेत हो! या वेळी चोरी नको म्हटलं, सरळ सासूबाईंना विचारलं.

"जा की," म्हणाल्या. "कोण अडवतंय? मोजायचे मात्र एकपासून."

...तेवढी खिडकी ओढून घ्या बाहेरून. पोर जागं होईल.