मटारच्या दाण्याएवढं

...आणि वर डॉक्टरांनी म्हणायचं, उशीचा अभ्रा पांढराच वापरा! अहो, आणू कुठून? नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते मी, अभ्रा घरमालकीणबाईंचा, त्यावर जांभळे मोर. त्या सत्यशीलाकाकूंकडे भीत भीत पांढरा मागितला, तर चष्म्यातून बघत म्हणाल्या, "मोरांचा काही त्रास होतो का आपल्याला?" मी म्हटलं नाही हो, मोरांना माझा होईल, मी रात्री लावते ते जेल कापडाचा रंग उडवतं. तर म्हणाल्या, "मग चेहऱ्याला कशाला लावता?" आणि दार लावून घेतलं. आता या प्रश्नाला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा?

पिंपल्स हो. कॉलेज संपलं की जातात म्हणे. माझं कॉलेज संपलं, कॅम्पसमधून नोकरी लागली, वाशीम सोडून पुण्याला आले, आणि तेही सगळे माझ्याबरोबर आले. दुसरं कोणी आलं नाही. ऑफिसच्या मीटिंगला माझा कॅमेरा कायम बंद, नेटवर्कचं कारण सांगते, टीम सगळी दुसऱ्या शहरात बसते, तर त्यांना वाटतं मी अजून वाशीमहूनच काम करते. एकदा एकाने वाशीमला पाऊस कसा आहे विचारलं. मी सांगितला.

शेवटी गेले स्किनच्या डॉक्टरांकडे. बाई शांत, पण पुणेरी शांत. म्हणाल्या, हे जेल रात्री लावायचं, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, आधी एक दिवसाआड, डोळे-ओठ-नाकाचे कोपरे सोडून, सगळ्या चेहऱ्यावर पातळ, नुसतं पुळीवर टिकली लावल्यासारखं नाही. वर मॉइश्चरायझर, सकाळी धुवायचं, सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात पाऊल टाकायचं नाही. आणि किती घ्यायचं? मटारच्या दाण्याएवढं. जास्त नाही. मग विचारलं, प्रेग्नन्सीचा काही विचार? त्यात हे चालत नाही. मी इतकी दचकले ना, की खुर्ची सरकली. म्हटलं, अहो डॉक्टर, माझ्याशी पार्किंगमधली एक मुलगी बोलते, बाकी काही नाही.

तर ती पार्किंगमधली मुलगी. तनुजा. मूळची हडपसरचीच, आता जिथे आमची काचेची ऑफिसं आहेत त्याच्या मागे त्यांची शेती होती, अजून थोडी आहे. तिची कंपनी पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, पण आमच्या दोघींच्या गाड्या एकाच खांबापाशी लागतात. आता पुण्यातली मुलगी गाडीवर कशी असते माहितीये ना? डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, फक्त डोळे बाहेर. सख्खी आई समोरून गेली तरी ओळखणार नाही. मला तर हे शहर एवढ्यासाठीच आवडलं! तनुजा गाडी लावली की स्कार्फ सोडते आणि बोलायला लागते. मी सोडत नाही. ती शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा देते, मी पर्समध्ये टाकते, नंतर खाते म्हणते. खायला तोंड उघडं करावं लागतं ना! ती म्हणते, "रोजचा उपास हाय का गं तुला?" मी म्हणते हो. घरी जाऊन भिंतीकडे बघत त्या शेंगा खाते. छान असतात हो. कुणाला तरी सांगावंसं वाटतं, छान आहेत म्हणून.

आणि एक दिवस ती म्हणाली, "एकदा घरी ये की जेवाय. आई म्हणती, तुझी ती मैत्रीण हाय तरी कशी बघू दे."

मैत्रीण म्हणाली! मला! मी म्हटलं येते, थोडं काम संपलं की येते. काम म्हणजे, चेहरा. आणि मग मला झाली घाई. मटारच्या दाण्याएवढं, जास्त नाही, हे डोक्यात पक्कं होतं, पण वाटलं, दाण्याने महिने लागणार असतील तर जास्तीने आठवड्यात नाही का होणार? चांगलं आवळ्याएवढं थापलं. रात्री थापलं, सकाळी ऑफिसला जातानाही थापलं, वरून स्कार्फ बांधला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंड लालभडक, सालं निघतायत, हसले तरी आग! आईला व्हिडिओ कॉल केला तर ती म्हणे, "अवं माय, कायले ते औषध लावून राह्यली, लिंबू घास." बरं झालं घासलं नाही. डॉक्टरांकडे पळत गेले. त्यांनी नुसतं बघितलं. म्हणाल्या, "मी मटार म्हटलं होतं. तुमच्याकडे मटार केवढे असतात?" मग थोडे दिवस जेल बंद, नुसतं मॉइश्चरायझर, मग पुन्हा पहिल्यापासून, एक दिवसाआड, आणि लिंबू-बिंबू, स्क्रब काही नाही. म्हणाल्या सुरुवातीला जास्त फुटल्यासारखं वाटेल, घाबरू नका. मला घाबरू नका म्हणाल्या.

त्या आवळ्याच्या दिवसांत झालं काय, माझ्या निळ्या स्कार्फवर हनुवटीपाशी पांढरे डाग पडले. मोर वाचले, स्कार्फ गेला. मला वाटलं आता तनुजा विचारणार. तर ती म्हणाली, "भारी डिझाईन हाय, ढगं हायेत व्हय?" मी म्हटलं, हो. तेव्हापासून मी ढगवाली. लांबून हाक मारायची, "ए ढगवाली!" अख्ख्या पुण्यात मला हाक मारणारं एकच माणूस, म्हणून मी तोच स्कार्फ रोज रात्री धुवायचे, रोज सकाळी बांधायचे.

आणि तुम्हाला सांगते, हळूहळू गेले हो ते. खरंच गेले. मटारच्या दाण्याएवढं, जास्त नाही, आणि महिने लागले, पण एका सकाळी आरशात बघितलं तर कुणीतरी वेगळीच होती, बरी होती. ठरवलं, आज सांगायचं, रविवारी येते जेवायला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर स्कार्फ पर्समध्ये टाकला आणि गाडीपाशी उघड्या तोंडाने उभी राहिले. तनुजा आली. मी हसले. आग झाली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, परत माझ्याकडे. आणि म्हणाली, "काय पाहिजे, मॅडम? ही गाडी दुसऱ्याची हाय."

आता सांगायचं ना, अगं मी, ढगवाली! मी काय म्हणाले? सॉरी म्हणाले. आणि चालायला लागले, माझीच गाडी सोडून, पार गेटपर्यंत, ती जाईपर्यंत सिक्युरिटीवाल्याच्या मागे उभी.

दुसऱ्या दिवशी गपचूप स्कार्फ बांधून गेले. तनुजा धावतच आली. "ए ढगवाली, गाडीला डबल लॉक लाव बाई. काल एक पोरगी तुझ्या गाडीपाशी घुटमळत हुती, माझ्याकडं बघून हसली बी. तोंडावरून चांगल्या घरची वाटली गं, गोरीगोमटी, एक डाग न्हाई तोंडावर. पण पळाली. मी नीट बघून ठेवलंय तिला, परत दिसली की सोडत न्हाई."

एक डाग नाही म्हणाली. माझ्या चेहऱ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं पहिलं चांगलं वाक्य, आणि ते चोराला.

मी म्हटलं, लावते लॉक. ती म्हणाली, "आणि रविवारी यायचं हाय, आईनं मासवड्या करायचं ठरवलंय, आता न्हाई म्हणू नको." मी म्हटलं, येते.

तर आता रोज संध्याकाळी आरशासमोर बसते, स्कार्फ बांधते, खालून हात घालते, आणि जेवायची प्रॅक्टिस करते. जमतं हो. घास फक्त मटारच्या दाण्याएवढा घ्यायचा. जास्त नाही.