बाबा यशस्वी झाले!

...नाही नाही, सुधारणेला माझा विरोध नाही हं! पण तुम्हीच सांगा, घरचा माणूस चालायला लागला म्हणून कधी कोणाच्या तोंडचं पाणी पळालंय? आमच्या पळालंय!

तुम्हाला सांगतो, अर्धांगाच्या झटक्यानं बाबांचा एक पाय लुळा पडला. सरकारी दवाखान्यातल्या फिजिओबाई रोज व्यायाम करून घ्यायच्या, फुकटात, प्रेमानं... बरं चाललं होतं. तेवढ्यात नवी योजना आली! म्हणजे काय, तर खर्च एका कंपनीनं करायचा, पेशंट चालला की सरकार कंपनीला नफ्यासकट पैसे देणार, नाही चालला तर दमडी नाही! म्हटलं वा, बाबांच्या पायामागे अख्खी कंपनी उभी! सुधारणेला माझा कशाला विरोध?

मग कंपनीचा टायवाला आला. "काका, फक्त खुर्चीपासून दारापर्यंत हं! चाललात की यश!" आणि बाबा मुळात हट्टी! काठी फेकली, दातओठ खाल्ले, आणि गेले की हो दारापर्यंत! टाळ्या! फोटो! टायवाल्यानं तर मिठीच मारली. मी रडलो हो, खरंच रडलो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर फिजिओबाई मान खाली घालून म्हणतात, "काकांचे उपचार संपले. ते यशस्वी झाले." अहो बाई, दारापलीकडे पायऱ्या आहेत, रस्ता आहे! तर टायवाला मध्येच, "साहेब, यशस्वी माणसाला परत उपचार दिले तर आमचं यश खोटं नाही का ठरणार?" झालं! व्यायाम बंद, पाय पुन्हा आखडला, बाबांनी खाट धरली. पुन्हा गेलो, हातापाया पडलो. सुधारणेला माझा विरोध नाही, म्हटलं, पण बाबांचं काय? टायवाला इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "घरात दुसरं कोणी आहे का... न चालणारं?"

आई पुढे झाली! चांगली धडधाकट, पण पेशंट म्हणून नाव घातलं. तिकडे पाय ओढत जायची, बाई दाखवतील ते सगळं घरी येऊन बाबांकडून करून घ्यायची. बाबा पायरी चढले हो! आणि परवा... परवा आई दवाखान्यातून निघाली, समोर बस सुटताना दिसली, आणि धावली! टायवाला दारातच! टाळ्या, फोटो... तीही यशस्वी!

आता घरात उरलो मी. उद्या नाव घालायला जायचंय. बाबा खाटेवरून लंगडण्याचा सराव घेतायत माझा, आणि सारखे ओरडतायत, "नीट लंगड रे, यशस्वी दिसतोयस!"