यमुनाक्कांचा पहारा

मंडळी, एक सवाल टाकतो. उत्तर मनातच द्या. देवाला नैवेद्य वेळेवर दाखवता ना? बाराच्या आत? शाबास! मग ज्या बाईनं तो रांधला, ती कधी जेवते?

बरं, ऐका.

नेसरीत दामोदर नावाचा कापड दुकानदार होता. मोठा भजनी! दुकान बंद केलं की थेट देवळात, टाळ हातात. घरी यायचा अकराला. बायको वेणू ताटकळत बसलेली. का? तर घरचा नियम — नवरा जेवल्याशिवाय बायकोनं जेवायचं नाही. नियम सासूबाईंचा, यमुनाक्कांचा. स्वतः अक्का सातलाच जेवून मोकळ्या. त्यांचे यजमान कधीच वैकुंठाला गेलेले, तेव्हा वाट कुणाची बघणार?

दामोदर दुपारचा डबा दुकानातच खायचा, म्हणून वेणू दिवसभर चहावर. आणि अंग? सुटत चाललं! लग्नातल्या बांगड्या हातात चढेनात. झालं, अक्कांनी आळीभर सांगितलं, "सून चोरून खाते. पकडली की माहेरी धाडते."

चोर म्हणून माहेरी जायचं, मंडळी! वेणू रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अक्का, फडताळाला कुलूप घाला. महिनाभर माझ्यासंगट राहा. मी खाईन तेव्हाच तुम्ही खायचं."

"बसते की! मी काय भिते?"

पहिल्याच दिवशी दुपार कशीबशी चहावर ढकलली, पण रात्री आठ वाजता अक्कांचं पोट बोलू लागलं. नऊला त्या वेणूवर खेकसल्या. दहाला देवावर. अकराला दामोदर आला, पानं मांडली — आणि रोज दीड भाकरी खाणाऱ्या अक्कांनी चार हाणल्या! वेणूनंही चार. जेवल्या आणि लगेच आडव्या. सकाळी भूक नाही, पुन्हा चहा.

अहो, दिवसभर दाबलेली भूक रात्री दुपटीनं वसूल करते. आणि निजायच्या वेळचं अन्न शरीर फारसं जाळत नाही, साठवून ठेवतं. हे अक्कांना कुणी सांगितलं? चोळीनं! महिनाअखेर गाठ काही केल्या बसेना.

कुलपाची किल्ली त्यांच्याच कमरेला. चोर कोण?

अक्कांनी किल्ली सोडून वेणूच्या हाती दिली. मग म्हणाल्या, "वेणू, चुकलं माझं." आणि आळीभर फिरून तेच सांगून आल्या, हे विशेष. संध्याकाळी सातला दोन पानं मांडली. दामोदर म्हणाला, "आणि माझं?"

"झाकून ठेवलंय. देव पावला की ये."

हसलात? आता मागं बघा. मांडवामागं चुलीपाशी आपल्या बायका पहाटेपासून उभ्या आहेत. माझं कीर्तन संपणार, मग पुरुषांची पंगत, मग पाहुण्यांची, आणि त्या शेवटी. त्यांना ताटकळत ठेवणाऱ्यांत मी पहिला — चांगला दोन तास बोलणार होतो.

नाही बोलत. इथंच थांबतो. टाळकऱ्यांनो, टाळ ठेवा, हात धुवा आणि वाढायला घ्या. पहिली पंगत त्यांची. आरती त्या जेवून उठल्यावर.