अर्ध्या मिशीची पैज

नंदू : पाच मतं, विद्याधरअण्णा! तुमच्या पुस्तकाला पोरांची पाच मतं पडली, तर शाळेच्या गेटवर माझी मिशी अर्धी. नाही पडली, तर तुमची. वस्तरा जिंकणाऱ्याच्या हातात. सरी? कबूल?

विद्याधर : सरी! गेली म्हणून समज तुझी. मराठी मंडळाच्या मुलांनी निवडायच्या बक्षिसाच्या यादीत पुस्तकं पाच, मतं देणारी मुलं चाळीस.

नंदू : आठवी ते दहावीची! आपल्या मल्लेश्वरमची पोरं घरी मराठी बोलतात, अण्णा. शाळेत कन्नड नि इंग्रजी; मराठी वाचतात कुठे?

विद्याधर : मोठ्यांची बक्षिसं दोन मिळालीत मला. पण एका मुलाने आपणहून शेवटचं पान गाठावं, म्हणून रिटायर झाल्यावर नऊ वर्षं घासलीत मी. आणि नातीचं मत तर घरातच आहे. काय गं सिद्धी?

सिद्धी : अज्जा, व्होटिंग सीक्रेट असतं.

(पंधरा दिवसांनी, निकालानंतर, शाळेच्या गेटवर.)

नंदू : किती?

विद्याधर : शून्य.

नंदू : शून्य कसं? दहा पोरांना बेण्णे डोसा चारलाय मी, तुम्हाला मत द्या म्हणून!

विद्याधर : तू? अरे, पैज माझ्याविरुद्ध होती ना तुझी?

नंदू : मिशी काय, महिन्यात उगवते हो.

सिद्धी : डोसा खाल्ला त्यांनी, नंदूमामा. पण मत देण्याआधी पुस्तकात शेवटी काय होतं ते मॅडमच्या कानात सांगायचं होतं. नाही आलं, तर चिठ्ठी घेतच नव्हत्या.

विद्याधर : आणि तू?

सिद्धी : तो मुलगा होडीत एकटा राहतो ना, तिथपर्यंत आले होते. मला रोज दोनच पानं होतात, अज्जा. काहीतरी ठोकून दिलं असतं... पण तुमचं पुस्तक होतं ना.

नंदू : सोडा अण्णा. पैज कॅन्सल. मस्करी होती.

विद्याधर : गेटवर म्हणजे गेटवर. लाव साबण.

नंदू : मान वर करा. ए पोरांनो, मोबाइल खाली ठेवा रे!

विद्याधर : घेऊ दे व्हिडिओ. निदान हे तरी शेवटपर्यंत बघतील.

सिद्धी : अज्जा...

विद्याधर : काय गं?

सिद्धी : तो मुलगा शेवटी घरी पोचतो का?

विद्याधर : तो ना...

नंदू : स्वल्प थांबा, अण्णा. ओठ हलवू नका.